निळा धूर दिसला म्हणून लगेच हेड उतरवू नका

‘सायलेन्सरमधून निळा धूर आला की इंजिन गेलं, हेड (सिलिंडरवरचं झाकण) उतरवल्याशिवाय सुटका नाही,’ हे गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं ऐकू येतं. ते खरं नाही, आणि त्यापायी लोकांचे पैसे नाहक जातात.

रात्रभर उभी गाडी सकाळी चालू करताच धुराचा एक भपका येतो आणि थांबतो. किंवा घाट उतरून अ‍ॅक्सिलरेटर दाबताच धूर येतो. अशा वेळी संशय आधी व्हॉल्व्ह सीलवर, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्यावरचं तेल अडवणाऱ्या रबरी टोप्यांवर, घ्यावा. त्यांचं रबर उष्णतेने कडक होतं आणि तेल दांड्यावरून खाली झिरपतं. चढावर जोर लावताना सतत धूर येत असेल, तर मात्र पिस्टनच्या रिंगा तपासा.

बऱ्याच पेट्रोल इंजिनांत सील हेड न काढता बदलता येतात. पिस्टन कॉम्प्रेशनला, म्हणजे मिश्रण दाबायला, वर येण्याआधी स्पार्क प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी आत सोडायची, टोक बाहेर ठेवायचं आणि क्रँक (पिस्टन वरखाली करणारा दांडा) हाताने अडेपर्यंत फिरवायचा. दोरी व्हॉल्व्हला खालून टेकू देते. मग व्हॉल्व्हची स्प्रिंग दाबून ती धरून ठेवणारे छोटे लॉक काढायचे. तेलाची भोकं आधी फडक्याने बुजवाच. नखाएवढं लॉक त्यांतून खाली तेलाच्या टाकीत (संपमध्ये) पडलं, तर खरंच इंजिन खोलावं लागेल!