स्टुटगार्टची हिंगाची फोडणी

जूनमधली सोसायटीची सभा. घोडबंदर रोडवरच्या आमच्या इमारतीचं पार्किंग, प्लास्टिकच्या खुर्च्या, विषय भाडेकरू. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट मणिपूरच्या दोन मुलींना द्यायचा की नाही? "त्यांच्या जेवणाला वास येतो," एक काका म्हणाले. (पावसाळ्यात घरोघरी सुकट भाजणाऱ्या ठाण्यात ही तक्रार!) तेव्हा सात वर्षं जर्मनीत काढून आलेला शेजारी उठला. "काका, स्टुटगार्टला माझी घरमालकीण हेच म्हणायची. हिंगाच्या फोडणीबद्दल."

गंमत म्हणजे सगळ्यात कडक विरोध होता तो टूरबरोबर चौदा देश फिरून आलेल्या गृहस्थांचा. एका सभेवरून सिद्धांत मांडू नये, पण इथे मला हायो अ‍ॅडम आणि सहकाऱ्यांचं 2018 मधलं संशोधन आठवलं. परदेशी राहिलेल्यांना स्वतःची ओळख अधिक स्पष्ट झालेली असते, असं त्यांना आढळलं. फरक पडत होता तो किती देश झाले यानं नव्हे, किती काळ राहिलात यानं.

कारण साधं आहे. न कळवता कुणाच्या दारात "सहज आलो होतो" म्हणून उभं राहणं हा रिवाज आहे, हे इथे असताना लक्षातच येत नाही. तिथे समोरचा गोंधळतो आणि मग आपण विचारात पडतो: हे मला खरंच पटतं, की मी फक्त त्यात वाढलो म्हणून करतो? आठ दिवसांच्या सहलीत हा प्रश्न पडायला वेळच नसतो.

पण स्वतःची ओळख पटली म्हणजे दुसरा आपला वाटू लागतो, असं नाही. "आपलंच बरं" हा निष्कर्षही तितकाच पक्का होऊ शकतो. आखातात बारा वर्षं राहून एकाही अरबाच्या घरी चहा न प्यायलेले नातेवाईक मला आहेत. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्येच सांगितलं होतं, की नुसता शेजार पुरत नाही. दर्जा बरोबरीचा हवा, उद्दिष्ट एक हवं, कामात सहकार्य हवं आणि वरिष्ठांचा किंवा नियमांचा पाठिंबा हवा.

याची झकास परीक्षा आपल्याकडेच झाली. मॅट लो या अर्थतज्ज्ञानं उत्तर प्रदेशात वेगवेगळ्या जातींच्या तरुणांच्या क्रिकेट स्पर्धा भरवल्या. कोण कुणाच्या संघात, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. एकाच संघात खेळलेल्यांची जातीबाहेर मैत्री वाढली. समोरासमोर खेळलेल्यांमध्ये मात्र उलट, येणंजाणं कमी झालं. म्हणजे भेटी दोन्हीकडे होत्या, पण बॅट एकाच बाजूनं धरण्यात फरक होता.

आमचा स्टुटगार्टवालाही तिथे एकाच टीममध्ये, बरोबरीच्या हुद्द्यावर होता. हिंगावर कुरकुरणारी घरमालकीण पुढे डाळीची कृती विचारायला लागली, असं तो सांगतो. मला त्यात थोडं मीठमसाला वाटतं.

मुली राहायला आल्या. गणपतीच्या वर्गणीचं पावतीपुस्तक यंदा त्यांच्याकडे आहे, जोडीला तेच काका. बी विंगमधली अकरा घरं अजून बाकी आहेत.