विंड केव्ह राष्ट्रीय उद्यान

अमेरिकेच्या साउथ डकोटा राज्यात, ब्लॅक हिल्स डोंगररांगेच्या दक्षिण टोकाशी वसलेले राष्ट्रीय उद्यान. स्थापना १९०३. एखाद्या गुहेच्या रक्षणासाठी राष्ट्रीय उद्यान उभारण्याची जगातील ही पहिली वेळ. उद्यानाला दोन मजले आहेत म्हटले तरी चालेल : वर सुमारे १३,७०० हेक्टर गवताळ माळ आणि पाइनचे रान, खाली आजवर मोजलेली २५० किमी.हून अधिक लांबीची भुयारे.

गुहेचे नाव तिच्या वाऱ्यावरून पडले. बाहेरचा वायुदाब घटला की आतली हवा तोंडातून जोराने बाहेर पडते. दाब वाढला की बाहेरची हवा आत ओढली जाते. या भागातील मूळ रहिवासी लाकोटा लोकांसाठी हे ठिकाण पवित्र आहे. त्यांचे पूर्वज आणि बायसन (अमेरिकी रानबैल) इथूनच पृथ्वीवर आले, अशी त्यांची परंपरा सांगते. १८८१ मध्ये जेसी व टॉम बिंगहॅम या भावांना हा वारा ऐकू आला आणि त्याने एकाची टोपी उडवली, असे सांगतात. मूळ तोंड इतके लहान आहे की मोठ्या माणसाला त्यातून जेमतेम शिरता यावे. पुढे ॲल्विन मॅकडोनल्ड या तरुणाने मेणबत्तीच्या उजेडात आतल्या वाटा धुंडाळल्या आणि रोजनिशीत टिपून ठेवल्या. १८९३ मध्ये, अवघ्या विसाव्या वर्षी तो वारला.

मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे ‘गुहा’ म्हटले की लेणी येतात. इथे कोरीव काही नाही. लोंबते चुनखडीचे खांबही थोडेच. पाहायचे ते ‘बॉक्सवर्क’ : खडकातल्या भेगांत साचलेले कॅल्साइट (चुन्याचे खनिज) शिल्लक राहिले, मधला खडक झिजून गेला आणि मधमाश्यांच्या पोळ्यासारखी पातळ पापुद्र्यांची जाळी उरली. जगातील ज्ञात बॉक्सवर्कपैकी बहुतांश याच गुहेत आहे.

उद्यानात शिरायला पैसे पडत नाहीत, पण गुहा तिकीट काढून वाटाड्यासोबतच पाहता येते. म्हणून दिवसाची आखणी गुहेच्या वेळेवरून करावी. उन्हाळ्यात फेऱ्या लवकर भरतात. ‘गार्डन ऑफ ईडन’ ही सर्वांत सोपी फेरी. ‘नॅचरल एन्ट्रन्स’मध्ये सुमारे ३०० पायऱ्या, बहुतेक उतरायच्या. गुहेत ने-आण करणाऱ्या लिफ्टच्या बिघाडामुळे फेऱ्या थांबल्याचे प्रसंग घडले आहेत, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी केलेली बरी. आत बारमाही सुमारे १२° से. तापमान असते, जूनमध्येही स्वेटर लागतो. दुसऱ्या गुहेत वापरलेले बूट-कपडे मात्र घालू नयेत : वटवाघळांना मारणाऱ्या बुरशीचा प्रसार त्यांतून होतो.

बरेच प्रवासी गुहा पाहून लगेच गाडी पुढे काढतात, आणि इथेच चुकतात. माळावर बायसन (आपला गवा नव्हे, जरी त्यालाही बायसन म्हणण्याची सवय आहे), एल्क (मोठे हरीण), प्राँगहॉर्न (हरणासारखा चपळ प्राणी) आणि प्रेअरी डॉग या खारीच्या कुळातील प्राण्याच्या बिळांच्या वसाहती दिसतात. शिकारीमुळे इथून नाहीसे झालेले बायसन १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातून १४ जनावरे आणून पुन्हा वसवले गेले. त्यांच्यापासून किमान २३ मीटर दूर राहावे लागते. रस्ता अडवून कळप उभा असेल तर गाडीतच वाट पाहावी. पहाट आणि संध्याकाळ प्राणी पाहायला उत्तम, दुपार गुहेला द्यावी. उन्हाळी दुपारी वादळी पाऊस येतो, त्या वेळी उघड्या माळापेक्षा जमिनीच्या पोटात असलेले बरे.