टॉर्क कन्व्हर्टर लॉकअप व ओव्हरड्राइव्ह: बिघाड आणि निदान

स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये क्लच प्लेटऐवजी तेलाने भरलेला टॉर्क कन्व्हर्टर असतो. इंजिनला जोडलेला पंखा तेल फेकतो आणि त्या तेलाच्या जोराने समोरचा पंखा फिरतो. गाडी जागेवरून हलताना ही रचना उत्तम असते. सरळ रस्त्यावर एका वेगाने जाताना मात्र दोन्ही पंख्यांच्या गतीत थोडा फरक राहतोच. त्यात पेट्रोल वाया जाते आणि तेल तापते. हा फरक मिटवण्यासाठी कन्व्हर्टरच्या आत एक क्लच बसवतात. तो लागला की इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडले जातात. याला लॉकअप म्हणतात. ओव्हरड्राइव्ह हा वेगळा भाग आहे. तो सर्वांत वरचा गिअर असून त्यात बाहेर जाणारा दांडा इंजिनपेक्षा जास्त वेगाने फिरतो.

कन्व्हर्टरमधला क्लच पॅकार्ड कंपनीने १९४९ मध्ये अल्ट्रामॅटिक गिअरबॉक्समध्ये आणला होता, पण त्याचा सर्रास वापर व्हायला इंधनटंचाईचा काळ यावा लागला. अमेरिकेत १९७५ मध्ये मोटारींच्या सरासरी इंधनवापराचा कायदा झाला आणि १९७८ च्या मॉडेलांपासून तो लागू झाला. त्याच वर्षी क्रायस्लरने आपल्या टॉर्कफ्लाइट गिअरबॉक्समध्ये लॉकअप दिले. जनरल मोटर्सचा ७००-आर४ हा चार गिअरांचा गिअरबॉक्स १९८२ मध्ये आला. निदान समजून घ्यायला तो सर्वांत सोयीचा, कारण त्यात ओव्हरड्राइव्ह तेलाच्या दाबावर चालतो आणि लॉकअप विजेवर.

ग्राहकाची तक्रार बहुधा "चौथा गिअर पडत नाही" अशी असते. ती जशीच्या तशी खरी मानू नये. लॉकअप लागतानाही इंजिनचा आवाज उतरतो, त्यामुळे पुष्कळांना तो एक जादा गिअरच वाटतो. ७००-आर४ मध्ये चौथ्याचे गुणोत्तर ०.७० आहे. म्हणजे तिसऱ्यात ३,००० आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) असतील तर त्याच वेगाला चौथ्यात सुमारे २,१०० व्हायला हवेत. लॉकअपने होणारी घट त्यामानाने लहान, दोन-तीनशेच्या आसपास असते. इंजिन गरम झाल्यावर सपाट रस्त्यावर ताशी ८० किमीच्या आसपास वेग स्थिर ठेवावा आणि ॲक्सिलरेटर न हलवता डाव्या पायाने ब्रेकला जेमतेम स्पर्श करावा. मागचे दिवे लागण्यापुरता स्पर्श पुरे. आरपीएम चटकन वाढले आणि पाय काढल्यावर थोड्या वेळाने पुन्हा उतरले, तर लॉकअप काम करते आहे. काहीच फरक पडला नाही, तर ते लागतच नाही किंवा सुटतच नाही.

लागत नसेल तर थेट गिअरबॉक्स उतरवणे ही घाई आहे. लॉकअप लावणाऱ्या सोलेनॉइडला, म्हणजे विजेवर चालणाऱ्या झडपेला, १२ व्होल्ट ब्रेक पेडलच्या स्विचमधून येतात आणि अर्थ (परतीची, ऋण जोडणी) इंजिनचा संगणक देतो. पेडल सोडलेले असताना स्विच चालू राहायला हवा. तो सरकला किंवा जळला तर गाडीला कायम ब्रेक दाबलेलाच वाटतो. गिअरबॉक्सच्या डाव्या अंगाला असलेल्या कनेक्टरवर टेस्ट लॅम्प लावला की वीज पोचते का ते कळते. वीज असेल पण संगणक अर्थ देत नसेल, तर इंजिनचा तापमान सेन्सर, थ्रॉटल सेन्सर आणि वेग सेन्सर तपासावेत. रेडिएटरकडे जाणारे पाणी अडवणारा थर्मोस्टॅट उघडा अडकल्याने इंजिन पुरेसे गरमच होत नसेल, तर संगणक लॉकअप रोखून धरतो. गिअरबॉक्सच्या तक्रारीचे मूळ असे रेडिएटरच्या बाजूला सापडते, आणि नवख्या मेकॅनिकला ते सहसा सुचत नाही.

ओव्हरड्राइव्ह खरोखरच येत नसेल तर आधी टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल पाहावी. थ्रॉटलपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारी ही केबल तेलाचा दाब ठरवते. जास्त ताणलेली असली तर गिअर उशिरा पडतात. सैल असली तर लवकर आणि मऊ पडतात, चालकाला ते आवडतेही, पण कमी दाबात क्लच घसरून जळतात. ही केबल सुटलेली असताना गाडी चालवूच नये. त्यानंतर कोणते गिअर गेले आहेत ते बघावे. चौथ्या गिअरला ३-४ क्लच (तिसऱ्या-चौथ्याचा) आणि २-४ बँड (दुसऱ्या-चौथ्याचा आवळपट्टा) असे दोन्ही लागतात. तिसरा आणि चौथा दोन्ही गेले असतील तर संशय क्लचवर, दुसरा आणि चौथा गेले असतील तर बँडवर किंवा तो आवळणाऱ्या पिस्टनवर, म्हणजे सर्व्होवर.

लॉकअप सुटत नसेल तर सिग्नलला थांबताना इंजिन गचके खाऊन बंद पडते, न्यूट्रलला टाकले की लगेच चालू होते. अशा वेळी गिअरबॉक्सचा कनेक्टर काढून गाडी चालवावी. बंद पडणे थांबले तर दोष वायरिंगमध्ये किंवा संगणकात, न थांबल्यास आतल्या सोलेनॉइडमध्ये किंवा व्हॉल्व्हमध्ये.

सर्वांत फसवी तक्रार थरथरीची. ताशी ६५ ते ८० किमीच्या दरम्यान, हलक्या ॲक्सिलरेटरवर, गाडी रंबलरवरून जावी तशी काही क्षण हादरते. लॉकअपचा क्लच नीट न धरता घसरला की असे होते, आणि जुने तेल हे त्याचे नेहमीचे कारण. पण मिसफायर होणारे, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणारे इंजिनही हुबेहूब असेच हादरते, आणि लॉकअप लागल्यावर ते जास्त जाणवते, कारण मधली तेलाची उशी गेलेली असते. ब्रेकच्या स्पर्शाने थरथर थांबली म्हणून लगेच कन्व्हर्टरला दोषी ठरवू नये. आधी प्लग आणि इग्निशन वायरी पाहाव्यात. त्या ठीक निघाल्या तर योग्य प्रतीचे तेल आणि फिल्टर बदलून पाहावे. तेल काळे पडून जळका वास येत असेल आणि पॅनमध्ये क्लचचा भुगा साचला असेल, तर नुसत्या तेलाने भागत नाही.

१९९३ पासून ७००-आर४ च्या ४एल६०-ई या वारसदारात गिअर बदलणेही संगणकाकडे गेले. अमेरिकेत १९९६ पासून सक्तीच्या झालेल्या ओबीडी-२ या गाडीच्या संगणकातून दोषांचे कोड वाचण्याच्या पद्धतीत पी०७४१ हा कोड लॉकअप नीट न लागण्याचा, पी०७४२ अडकून राहण्याचा आणि पी०७४३ विजेच्या दोषाचा. पहिल्या दोन कोडांवरून दोष विजेचा की तेलाच्या दाबाचा हे ठरत नाही. भारतात २०१४ च्या सेलेरिओपासून पसरलेल्या एएमटी (साध्या गिअरबॉक्सला स्वयंचलित केलेल्या) गाड्यांना मात्र यातले काही लागू नाही. त्यांत टॉर्क कन्व्हर्टर नसतोच, साधा क्लच मोटर किंवा तेलाच्या दाबाने चालवलेला असतो.