नेस्टेड लिस्ट फ्लॅट करणे

प्रोग्रॅमिंगमधे लिस्ट म्हणजे क्रमाने ठेवलेल्या घटकांची यादी. लिस्टच्या आत लिस्ट, तिच्याही आत अजून एखादी, असे थर काढून टाकून आतले घटक त्याच क्रमाने एका सरळ लिस्टमधे आणणं म्हणजे लिस्ट फ्लॅट करणं. [१, [२, [३, ४]], [], ५] दिलं की [१, २, ३, ४, ५] मिळतं, मधली रिकामी लिस्ट चक्क गायब होते. खरी गोम किती थर काढायचे यात आहे आणि तिथे प्रत्येक प्रोग्रॅमिंग भाषेचं आपलं वेगळंच.

रुबीतलं फ्लॅटन थेट तळापर्यंत जातं, एकच थर काढायचा तर १ सांगावं लागतं. जावास्क्रिप्टमधे बरोबर उलटं, फ्लॅट आपणहून एकच थर काढतं, सगळे हवेत तर इन्फिनिटी द्यायचं. (हेच बरं, कारण एकदा सगळं सपाट झालं की मूळ रचना परत मिळत नाही.) त्याचं नाव आधी फ्लॅटन ठरत होतं, पण मूटूल्स या जुन्या लायब्ररीत (तयार कोडच्या संग्रहात) त्याच नावाचं फंक्शन होतं, जुन्या साइट बंद पडतील म्हणून २०१८ मधे स्मूश असं नाव सुचवलं गेलं, त्यावरून भरपूर वाद झाले आणि शेवटी जावास्क्रिप्टच्या २०१९ च्या स्टँडर्डमधे फ्लॅट आलं. पर्लमधे तर कंसात कंस टाकला तरी लिस्ट आपोआप सपाट होते.

पायथनमधे लिस्टसाठी असं तयार फंक्शनच नाही. एक थर काढायला इटरटूल्स या पायथनसोबतच येणाऱ्या मॉड्यूलमधलं चेन चालतं. काही जण रिकाम्या लिस्टपासून सुरू करून सम हे बेरजेचं फंक्शन वापरतात, उत्तर बरोबर येतं पण दर बेरजेला आधीचं सगळं परत कॉपी होतं, त्यामुळे डेटा मोठा असला की हे रखडतं. थर किती ते माहीत नसेल तर रिकर्शन, म्हणजे घटक लिस्ट असेल तर फंक्शन स्वतःलाच कॉल करतं, नसेल तर घटक तसाच ठेवतं. इथे लोक हमखास अडकतात ते स्ट्रिंगवर, म्हणजे अक्षरांच्या मजकुरावर, कारण "यावर लूप फिरतो का" एवढंच तपासलं तर "क" ही एका अक्षराची स्ट्रिंगही पास होते, तिच्यातून परत "क"च निघतो, त्यातून परत "क", आणि शेवटी रिकर्शन एरर. म्हणून घटक खरंच लिस्ट आहे का तेच तपासावं. रिकर्शनची मर्यादाही साधारण १००० कॉलची असते, त्याहून खोल लिस्टसाठी स्टॅक (शेवटी टाकलेलं आधी निघतं अशी चळत) वापरायचा, फक्त आतले घटक स्टॅकवर उलट्या क्रमाने टाकायचे, नाहीतर उत्तर उलटं येतं.

हॅस्केलमधे कॉनकॅट एक थर काढतं, पण वेगवेगळ्या खोलीचे घटक एकाच लिस्टमधे टाकले तर साध्या आकड्यांच्या लिस्टला टाइप (घटकाचा प्रकार) जुळत नाही म्हणून प्रोग्राम कंपाइलच होत नाही, त्यासाठी आधी स्वतःचा टाइप बनवावा लागतो.