दुर्बल आम्लाचे अनुमापन

पाण्यात अंशतःच विगमन पावणाऱ्या, म्हणजे आयनांत विभागल्या जाणाऱ्या, आम्लाची संहती (द्रावणातील प्रमाण) काढण्यासाठी, संहती अचूक माहीत असलेल्या तीव्र आम्लारीने त्याचे पूर्ण उदासिनीकरण करतात आणि लागलेल्या आम्लारीच्या आकारमानावरून हिशेब मांडतात. या कृतीला दुर्बल आम्लाचे अनुमापन म्हणतात. आम्लाचा दुर्बलपणा आणि त्याची संहती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ०.१ मोलर (लिटरमागे ०.१ मोल) अ‍ॅसेटिक आम्लात सुमारे १.३ टक्केच रेणूंचे विगमन झालेले असते, तरी ब्युरेटमधून (मापाच्या खुणा असलेल्या तोटीच्या नळीतून) येणारे हायड्रॉक्साइड आयन हायड्रोजन आयनांना जसजसे संपवतात, तसतसे उरलेले रेणू विगमन पावत जातात. म्हणूनच समान आकारमानाच्या ०.१ मोलर अ‍ॅसेटिक व हायड्रोक्लोरिक आम्लांना सोडियम हायड्रॉक्साइड सारखेच लागते.

फरक पडतो तो सामूच्या (पीएचच्या) वाटचालीत. ०.१ मोलर अ‍ॅसेटिक आम्लाचा सामू प्रारंभी सुमारे २.९ असतो, मग द्रावणात आम्ल आणि त्याचे क्षार दोन्ही असल्याने तो संथपणे वाढतो आणि निम्मे आम्ल संपते तेव्हा ४.७६, म्हणजे आम्लाच्या पीके मूल्याइतका होतो (पीके हे आम्लाच्या तीव्रतेचे माप, ते जितके मोठे तितके आम्ल दुर्बल). तितक्याच संहतीची आम्लारी वापरली असता समतुल्य बिंदूला, म्हणजे आम्ल नेमके पूर्ण उदासीन होते तेव्हा, तो ७ नसून सुमारे ८.७ असतो, कारण तयार झालेला अ‍ॅसिटेट आयन पाण्याकडून प्रोटॉन घेतो व हायड्रॉक्साइड मोकळे करतो. दर्शकाची, म्हणजे रंग बदलून शेवट दाखवणाऱ्या पदार्थाची, निवड यावरच ठरते. मिथिल ऑरेंजचा रंगबदल सामू ४.४ च्या आसपास, म्हणजे जेमतेम ३० टक्के आम्ल उदासीन झाले असतानाच पूर्ण होतो, त्यामुळे तो येथे निरुपयोगी आहे, साधारण ८.२ ते १० या पट्ट्यात गुलाबी होणारे फिनॉल्फ्थॅलिन योग्य ठरते. पहिली फिकट गुलाबी छटा अर्धा मिनिट टिकली की थांबावे. गडद गुलाबी रंग कितीही स्पष्ट दिसला, तरी तो आम्लारी जास्त पडल्याचीच खूण असते.

समजा, २५.०० मिली. एकप्रोटॉनी (रेणूमागे एकच प्रोटॉन देणाऱ्या) आम्लाला ०.१००० मोलर आम्लारी २१.५० मिली. लागली, तर आम्लाची संहती ०.१००० × २१.५० ÷ २५.०० = ०.०८६० मोलर येते. ऑक्सॅलिक आम्लासारख्या द्विप्रोटॉनी आम्लाचे दोन्ही प्रोटॉन उदासीन होत असल्यास हे उत्तर निम्मे करावे लागते.

सोडियम हायड्रॉक्साइड हवेतील बाष्प व कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, त्यामुळे ते तोलून केलेल्या द्रावणाच्या संहतीवर विसंबता येत नाही. पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटसारख्या शुद्ध, स्थिर पदार्थाच्या साहाय्याने ती आधी प्रमाणित करावी लागते.

पीके ९.२४ असलेल्या बोरिक आम्लासारख्या अतिदुर्बल आम्लाच्या बाबतीत मात्र समतुल्य बिंदूजवळ सामूची ठळक उडी येत नाही आणि दर्शकाचा रंग रेंगाळत बदलतो. अशा द्रावणात मॅनिटॉल मिसळल्यास बोरिक आम्लाचे अधिक तीव्र संयुग बनते आणि त्याचे अनुमापन फिनॉल्फ्थॅलिन वापरून करता येते.