नाडी पाहायची की श्वास? सुरक्षित भुलीमागचा हैदराबादचा वाद

भूल देताना रुग्ण का दगावतो, याचा जगभर गाजलेला अभ्यास हैदराबादेत झाला. मराठवाडा तेव्हा निजामाच्याच राज्यात होता. आज टेबलावरच्या रुग्णाला कोणते मॉनिटर लावायचे, हे ज्या प्रश्नातून ठरत गेलं, त्याची एक मोठी खडाजंगी आपल्या जुन्या राजधानीत झाली आहे.

२८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचं नख काढताना क्लोरोफॉर्म या तेव्हाच्या भुलीच्या औषधाने काही मिनिटांत गेली. पुढे असे मृत्यू वाढले आणि डॉक्टरांत दोन तट पडले. एक म्हणे आधी हृदय थांबतं, नाडीवर बोट ठेवा. दुसरा म्हणे आधी श्वास थांबतो, छातीकडे बघा. हैदराबादच्या रेसिडेन्सीचे (निजामाच्या दरबारातल्या ब्रिटिश प्रतिनिधीच्या कचेरीचे) सर्जन एडवर्ड लॉरी दुसऱ्या तटातले. १८८८ मध्ये त्यांनी पहिलं क्लोरोफॉर्म कमिशन नेमलं. आधी श्वासच थांबतो या त्याच्या निष्कर्षावर ‘लॅन्सेट’ या लंडनच्या वैद्यकीय नियतकालिकाने शंका घेतली, तेव्हा निजामाने १,००० पौंड दिले आणि १८८९ मध्ये दुसऱ्या कमिशनसाठी लंडनहून डॉक्टर लॉडर ब्रंटन आले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. निष्कर्ष तोच: आधी श्वास थांबतो.

प्रयोग कष्टाने केलेले होते, तरी उत्तर अपुरं होतं. क्लोरोफॉर्म जास्त झालं की श्वास आधी थांबतो, हे खरंच. पण बरेच रुग्ण सुरुवातीलाच, भूल हलकी असताना, घाबरलेल्या अवस्थेत जात होते. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर दाखवलं, की हलक्या क्लोरोफॉर्ममध्ये अ‍ॅड्रेनलिन वाढलं की हृदयाचे ठोके विस्कटतात आणि ते बंद पडतं. हैदराबादेत ही परिस्थिती नीट तपासलीच गेली नव्हती. पुरावा ढीगभर असून चालत नाही. खरा रुग्ण ज्या स्थितीत असतो त्या स्थितीतला तो हवा. आमच्या मते या कमिशनमधून शिकायचं ते हेच.

पुढे मोजणी माणसांची सुरू झाली. बीचर आणि टॉड यांनी १९५४ मध्ये अमेरिकेतल्या १० रुग्णालयांतल्या ५,९९,५४८ भुलींचा हिशेब मांडला: दर १,५६० मागे एक मृत्यू भुलीशी जोडलेला. १९७८ मध्ये जेफ्री कूपर यांनी थोडक्यात टळलेले प्रसंग गोळा केले. श्वासाची नळी निसटणं, सिरिंजची अदलाबदल, गॅसचा प्रवाह चुकणं अशा मानवी चुका त्यांत सर्वाधिक होत्या. १९८६ मध्ये हार्वर्डच्या रुग्णालयांनी किमान देखरेखीचे नियम प्रसिद्ध केले: भूलतज्ज्ञ खोलीत सतत हजर आणि बीपी व नाडीची नोंद निदान दर ५ मिनिटांनी.

जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांच्या १९७४ च्या कल्पनेतून आलेला, बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारा पल्स ऑक्सिमीटर आता तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातही असतो. १९९३ मध्ये डेन्मार्कमधल्या २०,८०२ रुग्णांच्या चाचणीत त्याच्यामुळे ऑक्सिजन घटल्याचं कितीतरी जास्त वेळा लक्षात आलं, पण मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही. तरी तो कुणी काढून ठेवला नाही, आणि ते योग्यच. मृत्यू इतके विरळ, की फरक दिसायला याहून कितीतरी मोठी चाचणी लागते.

त्याच्या मर्यादा मात्र माहीत हव्यात. आकडा ९० टक्क्यांपर्यंत खाली आला म्हणजे रक्तातला ऑक्सिजनचा दाब साधारण ६० मिलिमीटर (पारा). त्याखाली घसरण वेगाने होते. थंड बोटं, गडद नेलपॉलिश, काळी मेंदी किंवा पडलेलं बीपी यांनी आकडा फसवतो. शिवाय ३ मिनिटं शुद्ध ऑक्सिजन दिलेला रुग्ण श्वास थांबला तरी काही मिनिटं ९८-९९ दाखवू शकतो. त्या वेळात श्वासाची नळी श्वासनलिकेऐवजी अन्ननलिकेत गेलेली असेल, तर ते ऑक्सिमीटर सांगत नाही, कॅप्नोग्राफ (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड पडद्यावर लहरींत दाखवणारं यंत्र) सांगतो. पोटातल्या हवेमुळे सुरुवातीला एक-दोन लहरी उमटू शकतात. म्हणून सहा श्वासांनंतरही लहर टिकते का ते पाहायचं, मगच नळी चिकटपट्टीने बांधायची. लहर नसेल तर आकडा घसरायची वाट न पाहता नळी काढून मास्कने श्वास द्यायचा.