पार्श्वभूमी : स्टिरिओ, सबवूफर आणि ८० हर्ट्‌झची रेघ

रूम करेक्शन (माइकने मोजून खोलीनुसार आवाज सुधारण्याची सोय) असलेले स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर आता बऱ्यापैकी आवाक्यात आले आहेत, त्यामुळे दोन स्पीकरना सब, म्हणजे फक्त खालचा बेस वाजवणारा सबवूफर, जोडण्याचा विषय पुन्हा निघू लागला आहे. माइक लावायचा, पाच-सहा ठिकाणी मोजमाप घ्यायचं, की सब आपोआप जुळतो, असा समज त्याबरोबर पसरला. प्रत्यक्षात सब आणि करेक्शन या दोन गोष्टी वेगवेगळ्या वाटांनी घरात आल्या. सब आला सिनेमाकडून, करेक्शन आलं होम थिएटरच्या रिसीव्हरमधून, म्हणजे अनेक स्पीकर चालवणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरमधून. स्टिरिओ ऐकणाऱ्याचा विचार दोन्हीकडे सगळ्यात शेवटी झाला.

दोन स्पीकरना मिळून एकच वूफर ही कल्पना तशी जुनी. १९५० च्या दशकाच्या शेवटी स्टिरिओ तबकड्या आल्या, तेव्हापासून खालचा बेस दोन्ही चॅनलमध्ये सारखा ठेवण्याची पद्धत होती. डाव्या-उजव्यात बेसचा मोठा फरक पडला की खाचेची खोली बदलते आणि सुई उडते. १९७४ मध्ये भूकंपाच्या सिनेमासाठी थिएटरात प्रचंड वूफर लावले गेले. १९७६ मध्ये आजचा सर्वमान्य एलआर-फोर (लिंकविट्झ-रायली) क्रॉसओव्हर, म्हणजे खालचा आणि वरचा आवाज वेगळा करणारा फिल्टर, मांडला गेला : दोन्ही बाजूंना दर सप्तकाला २४ डीबीचा उतार, सांध्यावर (वाटणीच्या वारंवारतेवर) दोघेही ६ डीबी खाली, दोघेही एका फेजमध्ये (लहरी एकत्र वर-खाली होणाऱ्या), म्हणून बेरीज सपाट.

८० हर्ट्‌झचा आकडा सांध्यासाठी रूढ केला तो चित्रपटगृहांना प्रमाणपत्र देणाऱ्या एका अमेरिकन योजनेने. १९९० च्या सुमारास ती घरगुती सामानाला लागू झाली. या आकड्याखालचा आवाज कुठून येतो हे कानाला सहसा कळत नाही, आणि छोट्या बंद पेटीचा स्पीकर तिथपर्यंत नीट उतरतो, ही त्यामागची दोन कारणं. कृती मात्र नेमकी होती. बंद पेटी ८० हर्ट्‌झखाली स्वतःच १२ डीबीच्या उताराने गळते. तिला रिसीव्हरने आणखी १२ डीबीचा हाय-पास (खालचा आवाज कापणारा फिल्टर) द्यायचा, की दोन्ही मिळून २४ होतात आणि सबच्या २४ डीबीच्या लो-पासशी (वरचा आवाज कापणाऱ्या फिल्टरशी) जुळतात.

ही कृती बहुतेक रिसीव्हरमध्ये तशीच राहिली, स्पीकर मात्र बदलले. आज विकले जाणारे बहुतेक स्पीकर पोर्टवाले, म्हणजे पेटीला हवेसाठी नळी असलेले (बास-रिफ्लेक्स) आहेत. त्यांचा स्वतःचाच उतार २४ डीबीचा, त्यावर हाय-पासचे १२. पेटी ४५ हर्ट्‌झपर्यंत जाणारी असेल तर ८० वर तिची फेज सबशी जुळतेच असं नाही, आणि ७० ते १०० हर्ट्‌झच्या पट्ट्यात खड्डा पडतो. नेमका तिथे ढोलकीचा धुमेचा भाग आणि बेस गिटारचा गाभा असतो. म्हणून पेटीच्या खालच्या मर्यादेच्या किमान एक सप्तक वर सांधा ठेवावा, हा नियम पुढे आला : ४५ ची पेटी असेल तर ९०.

आता खरा वाद. मुख्य स्पीकर खालून कापायचे, की त्यांना पूर्ण बेस देऊन सब फक्त तळाला भरायचा? न कापण्याची पद्धत पडली ती सोयीमुळे. जुन्या स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरना प्री-आउट आणि मेन-इन (सिग्नल मध्येच बाहेर काढून परत आत घेण्याचे) असे वेगळे जोड बऱ्याचदा नसत, त्यामुळे मध्ये हाय-पास घालायला जागाच नव्हती. सबला स्पीकरच्या टर्मिनलवरूनच तार ओढायची, त्याचं बटण ४० हर्ट्‌झच्या आसपास ठेवायचं आणि कानाने पातळी लावायची. नंतर याला तत्त्वाचं रूप आलं : सिग्नल पुन्हा डिजिटल केला की मूळ आवाज बिघडतो, चांगल्या स्पीकरला कात्री लावू नये, वगैरे. मोठे फ्लोअरस्टँडर (जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर) असतील, खोली मोठी असेल, तर या पद्धतीने चांगला निकाल मिळतो, हे मान्य केलंच पाहिजे.

पण सहा इंची वूफरच्या स्पीकरसाठी ती महागात पडते. तेवढ्याच आवाजासाठी ८० च्या तुलनेत ४० हर्ट्‌झला वूफरच्या कोनाचा (हलणाऱ्या पडद्याचा) हेलकावा चौपट लागतो. पोर्ट ज्या वारंवारतेला जुळवलेला असतो, तिच्याखाली तर पेटीतल्या हवेचा आधारच सुटतो, कोन नुसता फडफडतो आणि त्याच कोनातून येणारा गायकाचा आवाज गढूळ होतो. शिवाय वूफर मागच्या भिंतीपासून १ मीटरवर असेल तर भिंतीवरून परतलेला आवाज ८६ हर्ट्‌झला उलटा येऊन मूळ आवाज खातो. हा खड्डा करेक्शनने भरत नाही, जोर वाढवला की परतणारा आवाजही तेवढाच वाढतो. सब भिंतीला टेकवून ठेवता येतो, स्पीकर टेकवता येत नाहीत. सांधा १०० वर नेला की तो खड्डा बराचसा निघून जातो. कापण्याच्या बाजूने एवढं एक कारणही पुरेसं आहे.

करेक्शनने हा वाद मिटवला नाही, उलट झाकला. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला रिसीव्हरमध्ये माइकसह करेक्शन आलं. सुरुवातीच्या काही प्रणाली सबचा चॅनल जवळपास सोडूनच देत. नंतरच्याही बहुतेक प्रणाली डावा, उजवा आणि सब वेगवेगळे मोजून वेगवेगळे सुधारत. तिघे एकत्र वाजताना सांध्यावर काय होतं, ते मोजलंच जात नसे. त्यातच ४० हर्ट्‌झपर्यंत पोचणारा स्पीकर दिसला की रिसीव्हर त्याला ‘लार्ज’ ठरवी, म्हणजे हाय-पास बंद. मोजमाप झाल्यावर सेटिंगमध्ये जाऊन ‘स्मॉल’ करावं लागतं ते यामुळे.

रिसीव्हरमधल्या ‘डिस्टन्स’ (स्पीकरचं अंतर) या सेटिंगचा घोळही याच काळातला. टेपने मोजलं तर सब ३.३ मीटरवर, आणि पडद्यावर दिसतं ५ मीटर. ती चूक नसते. सबच्या आतला फिल्टर आणि डीएसपी (आवाजावर डिजिटल प्रक्रिया करणारी चिप) आवाज काही मिलिसेकंद उशिरा सोडतात. ५ मिलिसेकंद म्हणजे १.७ मीटर. रिसीव्हर तेवढा वेळ मुख्य स्पीकर थांबवतो. आकडा टेपप्रमाणे ‘दुरुस्त’ केला की ८० हर्ट्‌झवर १४४ अंशांचा फरक पडतो आणि बेस जागच्या जागी मरतो. म्हणून करेक्शन चालवल्यावर त्या आकड्याला सुरुवात मानायचं. सबची पोलॅरिटी (अधिक-उणेची दिशा) उलटी करायची, दोन्ही स्पीकर आणि सब एकत्र वाजवून रूम ईक्यू विझार्ड या मोजणीच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वीप (खालून वर सरकत जाणारा चाचणी सूर) घ्यायचा, सांध्यावरचा खड्डा सर्वांत खोल होईपर्यंत अंतर थोडं थोडं सरकवायचं, मग पोलॅरिटी सरळ. सबवरचं स्वतःचं क्रॉसओव्हर बटण शेवटपर्यंत वर. ते ८० वर राहिलं तर दोन फिल्टर एकावर एक चढतात. डीएसपी फक्त सबच्या वाटेवर असेल तर मात्र मार्ग खुंटतो, कारण उशीर सबला झालेला आणि थांबवायचे स्पीकर.

सोलापूरच्या घरांत या सगळ्याला स्थानिक पदर आहेत. १० बाय १२ ची खोली आणि १० फुटांवर स्लॅब हे माप सर्रास दिसतं. लांबीचा मोड, म्हणजे खोलीत घुमणारा सूर, ४७ हर्ट्‌झला, आणि रुंदी-उंची सारखी असल्याने दोन्ही मोड ५६ वर एकत्र येतात. उभ्या विटांच्या भिंती, शहाबादी फरशी, वर काँक्रीट. शोषून घेणारं काहीच नाही, त्यामुळे एक सूर घुमत राहतो. भिंतीवर सोलापुरी चादरी टांगल्या तर वरचा कर्कशपणा जरूर कमी होतो, बेसला काही फरक पडत नाही. ५० हर्ट्‌झची लहर जवळजवळ ७ मीटर लांब असते, दोन सुती थरांना ती जुमानत नाही.

उन्हाळाही हिशेबात धरावा लागतो. २० अंशांना आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, ४० अंशांना ३५५. जानेवारीत ४७ वर मोजलेला मोड मे महिन्यात साडेअठ्ठेचाळीसच्या पुढे जातो. तो कापायला क्यू १० चा अरुंद फिल्टर (क्यू जितका मोठा, फिल्टर तितका अरुंद) लावला असेल तर तो आपल्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्शाने चुकतो. क्यू ५ च्या आसपास ठेवावा, किंवा दोन ऋतूंची दोन प्रीसेट ठेवावीत. मोजताना कूलर आणि पंखा बंद हवाच. पूर्व भागात, अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला, यंत्रमागांची घरघर जमिनीतून येते आणि ग्राफचा खालचा टप्पा खराब करते. माग थांबलेले असताना मोजावं, नाहीतर स्वीपची लांबी वाढवावी. दर दुपटीला गोंगाटाच्या तुलनेत ३ डीबी मिळतात. लॅपटॉप बॅटरीवर चालवावा, म्हणजे ५० हर्ट्‌झची विजेची गुणगुण मोड समजून कापली जात नाही.

२०२० च्या आसपास सब आणि स्पीकर एकत्र मोजून सांधा सुधारणारी करेक्शन प्रणाली आली, बहुधा वेगळे पैसे मोजून. तिने पोर्टवाल्या पेट्यांचा फेजचा प्रश्न बराच सोडवला. २०२३ पासून त्यापुढचा प्रकार आला आहे : एका स्पीकरमुळे खोलीत रेंगाळणारा बेस दुसरे स्पीकर उलट सूर सोडून शमवतात. तिथे मुख्य स्पीकरनाही खाली काम करावं लागतं, म्हणून न कापणाऱ्यांना नवा आधार मिळाला. पण कोणत्या स्पीकरने किती खाली जायचं ही मर्यादा अजून वापरणाराच घालतो, आणि सहा इंची पोर्टवाल्या पेटीला ५० च्या खाली उतरवलं तर कोनाचा हेलकावा आणि गढूळपणा पूर्वीसारखाच परत येतो.